दहावीचं इंग्रजी : तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात दहावीच्या इंग्रजीच्या तयारीबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो आले, एका आजोबांनी तर नातवाची चाचणीची उत्तरपत्रिकाच पाकिटात घालून पाठवली. बीड, परभणी, जालना, लातूरकडची पत्रं जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. त्यामुळं इथली उत्तरं मराठी माध्यमाच्या, इंग्रजी तृतीय भाषा असलेल्या लेकरांसाठी आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, फक्त गावाकडचा पत्ता ठेवलाय.

प्रश्न : दहावीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना इंग्रजी परिच्छेद सलग वाचता येत नाही. पुढं बोर्डाची परीक्षा. अभ्यासक्रम पुरा करू की वाचायला शिकवू? कोणतं साहित्य वापरू? (एक शिक्षक, ता. धारूर, जि. बीड)

सर, बोर्डाची जुनी कृतिपत्रिका समोर घ्या आणि एकदा फक्त गुण मोजा. लेखी पेपर ८० गुणांचा. दुसऱ्या प्रश्नात पाठ्यपुस्तकातले दोन उतारे, त्यांचे २० गुण. तिसऱ्यात कविता, १० गुण. चौथ्यात पुस्तकाबाहेरचा उतारा, त्याच्या सारांशासकट १५ गुण. हे तिन्ही प्रश्न असे आहेत की मजकूर पेपरातच छापून दिलेला असतो. म्हणजे ४५ गुणांचा मजकूर लेकराच्या डोळ्यासमोर असतो, आणि त्यातल्या बऱ्याच कृतींचं उत्तरही त्याच ओळींत असतं. ज्याला वाचता येतं त्याला ते दिसतं. ज्याला वाचता येत नाही, तो वर्षभर पाठ केलेलं आठवत बसतो आणि समोरचं उत्तर सोडून देतो. तेव्हा वाचायला शिकवणं हाच तुमचा अभ्यासक्रम. पाठ्यपुस्तकाच्या पाठातूनच वाचन घ्या, दोन्ही कामं एका तासात होतात.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीत आलेल्या लेकरानं दहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. त्याला अक्षरं येतात, सुटे शब्दही येतात. अडतं ते ओळ सलग वाचताना, कारण त्यानं एकट्यानं मोठ्यानं वाचलेलंच नसतं. वर्गात बाई वाचतात, मागून चाळीस जण एका सुरात म्हणतात, आणि त्या सुरात न वाचणारा बेमालूम लपतो. हे सामुदायिक वाचन बंद करा. त्याऐवजी जोड्या लावा. बरा वाचणारा आणि अडखळणारा शेजारी बसवा, दोघांत एक पुस्तक, एक वाक्य याचं, एक वाक्य त्याचं. वर्गात गलका होतो, शेजारच्या वर्गातले सर एकदा डोकावून जातात. होऊ द्या गलका. पंधरा मिनिटांत प्रत्येकाचं तोंड चाललेलं असतं, आणि तुम्ही फिरता फिरता कोण कुठं अडतो ते ऐकू शकता.

पाठ्यपुस्तकाचा पाठ ज्यांना फारच जड जातो, त्यांच्यासाठी 'स्टोरीवीव्हर' या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावरून सोप्या इंग्रजी गोष्टी घ्या. चार पातळ्या आहेत, सगळं मोफत आहे आणि छापून वाटायला परवानगी आहे. बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात, त्यामुळं आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचता येते. मात्र मिसरूड फुटलेल्या पोराला ससा-कासवाची गोष्ट हातात दिली की तो शरमतो. मी माझ्या पोरांना सांगते, शनिवारी ही गोष्ट दुसरीच्या वर्गाला वाचून दाखवायची आहे, तयारी करा. मग तेच पोर ती गोष्ट घरी नेतं, चार वेळा वाचून येतं, आणि दुसरीतल्या लेकरांपुढं मास्तर होऊन उभं राहतं. कमीपणाचा प्रश्नच उरत नाही.

आता पुस्तकाबाहेरच्या मजकुराबद्दल. अनेक शिक्षक विचारतात, खेड्यात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, मग असा मजकूर आणायचा कुठून? सर, धारूरकडं सोयाबीन असेलच. जूनमध्ये प्रत्येक घरी बियाण्याची पिशवी येते. तिच्यावर शिवलेली चिठ्ठी फेकू नका, वर्गात आणा, असं पोरांना सांगून ठेवा. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते, पायाभूत बियाण्याची पांढरी. चिठ्ठीवर आणि पिशवीवर इंग्रजीत काय काय असतं बघा : पिकाचं नाव, व्हरायटी, लॉट नंबर, डेट ऑफ टेस्ट, व्हॅलिड अप टू, नेट वेट, जर्मिनेशन, फिजिकल प्युरिटी. सोयाबीनला उगवण किमान ७० टक्के आणि शुद्धता किमान ९८ टक्के असावी लागते. खाली इशारा असतो की बियाण्याला विषारी औषध लावलेलं आहे, खाण्यासाठी, जनावरांना किंवा तेलासाठी वापरू नका.

या एका चिठ्ठीवर माझे दोन-तीन तास जातात. पहिल्यांदा ती फळ्यावर तक्ता करून लिहायची. पोरांनी तिच्यावरून पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद लिहायचा. 'धिस बॅग कंटेन्स सोयाबीन सीड. द व्हरायटी इज एमएयूएस ७१. इट वॉज डेव्हलप्ड अ‍ॅट परभणी.' हे वाण आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आहे, हे कळल्यावर पोरं सरसावून बसतात. विद्यापीठ १९७२ चं, तेही एका वाक्यात बसवायला लावते. दुसऱ्या दिवशी उलट काम : मी परिच्छेद देते, त्यांनी तक्ता करायचा. सहाव्या प्रश्नात माहितीचं रूपांतर ५ गुणांना येतं, कधी तक्त्यावरून परिच्छेद, कधी परिच्छेदावरून तक्ता किंवा आकृती. ते दोन्ही इथं होऊन जातं. तिसऱ्या दिवशी त्याच परिच्छेदावर पोरांनीच चूक-बरोबरची चार विधानं आणि दोन प्रश्न तयार करून शेजाऱ्याला द्यायचे. प्रश्न काढायला बसलेलं लेकरू मजकूर जितका बारकाईनं वाचतं, तितका उत्तर शोधणारं वाचत नाही. गाईडमधल्या कुठल्याही तयार उताऱ्यावर माझ्या वर्गात एवढी वादावादी झालेली नाही, कारण 'व्हॅलिड अप टू'ची तारीख उलटलेलं बी पेरलं तर काय होतं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

खताच्या गोणीचं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांचं, बँकेच्या पैसे काढायच्या चिठ्ठीचं असंच करता येतं. सगळं सांगत बसत नाही, तुम्हाला सुचेलच.

प्रश्न : मुलगा इंग्रजीचं गाईड पाठ करतो. घरी घडाघडा म्हणून दाखवतो. पण चाचणीत पत्र वेगळं आलं की जागा कोरी. दुसरं कोणतं गाईड घेऊ? अपेक्षित प्रश्नसंच घेऊ का? (एक पालक, गंगाखेड)

दुसरं घेऊ नका, दादा. ते पैसे दोनशे पानी वहीला आणि बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिकांच्या झेरॉक्सला लावा.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. शब्दांचं स्पेलिंग, पत्राचा साचा, कवितेतले अलंकार हे पाठच करावं लागतं. पण ८० पैकी ५० गुणांचं काम असं आहे की त्यात पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवता येतच नाही : भाषाभ्यास, बाहेरचा उतारा, पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, बातमी किंवा गोष्ट, भाषांतर. गाईडमधलं पत्र नव्या मैदानाबद्दल आणि पेपरात विचारलं पाण्याच्या टँकरबद्दल, की तुमच्या मुलाजवळ लिहायला काहीच उरत नाही. वाक्य त्यानं स्वतः कधी जुळवलेलंच नाही ना.

माझ्याकडं आलेल्या फोटोंमधली एक वही सांगते. मुलीनं सरपंचांना पत्र लिहिलंय, गावातल्या पाण्याबद्दल. तिचं वाक्य : 'आवर व्हिलेज इज वॉटर प्रॉब्लेम.' शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली, फुली केली, आणि खाली गाईडमधलं पत्र उतरवून घ्यायला लावलं. मला त्या फुलीचं वाईट वाटलं. या वाक्यात एकच शब्द बदलायचा आणि एक घालायचा आहे : 'आवर व्हिलेज हॅज अ वॉटर प्रॉब्लेम.' मुलीला म्हणायचंय काय ते पक्कं ठाऊक आहे, शब्द आहेत, क्रमही जवळपास बरोबर आहे. तिथं बसून तिला 'इज' आणि 'हॅज'ची पाच वाक्यं करायला लावली असती, गावाबद्दलच, शाळेबद्दलच, तर ती चूक कायमची गेली असती. 'आवर स्कूल हॅज टेन रूम्स.' 'माय आजी हॅज टू गोट्स' म्हणाली तर आजीचं 'ग्रँडमदर' तिथंच करून द्यायचं. उतरवून काढलेल्या पत्रानं तिच्या हाताला काहीच मिळालं नाही.

तेव्हा घरी एवढं करा. आठवड्यातून दोन पत्रं, विषय खरे. एसटीच्या आगारप्रमुखांना : सकाळची गाडी वेळेवर सोडा, आम्ही पासवाली मुलं पहिल्या तासाला पोचत नाही. ग्रामपंचायतीला : शाळेजवळचा दिवा बंद आहे. मामेभावाला : दिवाळीत ये. पत्राला ५ गुण आहेत. पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवटचं 'युवर्स फेथफुली' हा साचा नीट असला तर काही गुण हमखास पदरात पडतात, बाकीचे मजकुराचे. आधी मुलानं मराठीत तुम्हाला तोंडी सांगायचं, की मला पत्रात काय काय म्हणायचंय. चार मुद्दे. मग इंग्रजीत लहान लहान वाक्यं. लांबलचक वाक्याच्या मागं लागायचं नाही. आठ शब्दांचं नेटकं वाक्य वीस शब्दांच्या गुंत्यापेक्षा जास्त गुण आणतं.

अपेक्षित प्रश्नसंचाबद्दल : सराव म्हणून एखादा घड्याळ लावून सोडवायला हरकत नाही. 'हेच येणार' या भरवशावर मात्र नको.

प्रश्न : शाळेला टीव्ही मिळालाय, इंटरनेट कधी असतं कधी नसतं, लाईटचाही भरवसा नाही. कोणतं अ‍ॅप घ्यावं? (एक मुख्याध्यापक, ता. जिंतूर)

सर, पैसे देऊन कोणतंच घेऊ नका. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती पेन ड्राइव्हवर घालून ठेवा. पुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा'वर जातात. ते अ‍ॅप २०१७ पासून आहे आणि मजकूर आधी उतरवून ठेवला तर नेट नसतानाही चालतो. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्नइंग्लिश टीन्स'वर पातळीनुसार वाचनाचे आणि ऐकण्याचे पाठ आहेत, तेही फुकट. त्यातले विषय परदेशी असतात, म्हणून मी वाचनापेक्षा ऐकण्याचे पाठ जास्त घेते. तृतीय भाषेचे २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, तिथं ऐकलेलं आणि बोललेलं कामाला येतं.

आणि लाईट नसेल तेव्हासाठी दोन गुंडाळीफळे करून घ्या. टीव्हीपेक्षा जास्त वापरले जातील.

प्रश्न : पहिल्या प्रश्नातले १० गुण मुलं हसत हसत घालवतात. काय करावं? (एक शिक्षिका, सेलू)

अक्षरं भरून शब्द पुरा करणं, शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं, शब्दसाखळी, एका मोठ्या शब्दातून लहान शब्द काढणं. हा सगळा खेळ आहे, तो खेळासारखाच घ्यावा. लग्नपत्रिका जमवा. आपल्याकडं लग्नसराईत घरटी ढीग साठतो, जाड कोरी बाजू असते. त्यांची कार्डं कापा, प्रत्येकावर पाठातला एक शब्द. चार गटांना वीस-वीस कार्डं द्या, वर्णानुक्रमे लावायला लावा, जिंकणाऱ्यानं पुढचा खेळ निवडायचा. शब्दसाखळी मधल्या सुट्टीतल्या अंताक्षरीसारखी आपोआप चालते. रोज पाच मिनिटं पुरेत, पण दसऱ्यानंतर सुरू करून नाताळला सोडू नका.

प्रश्न : आई-बाबा ऊसतोडीला गेलेत, पाडव्याच्या आसपास येतील. मी आजीजवळ राहते. दहावीला आहे. मोबाइल बाबांबरोबर गेलाय. शिकवणी नाही. इंग्रजीत मागच्या वर्षी काठावर पास झाले. फक्त पुस्तक आहे. मला इंग्रजीत चांगले गुण मिळतील का? (एक विद्यार्थिनी, ता. वडवणी, जि. बीड)

बाळा, तुझं पत्र मी शाळेत दोनदा वाचलं आणि घरी आल्यावर परत वाचलं. आधी एक सांगते. तुझं पत्र मराठीत आहे, पण त्यात एकही वाक्य अर्धवट नाही. काय अडचण आहे, काय हवंय, ते तू सहा ओळींत सांगितलंस. पत्रलेखनाला हेच लागतं. त्यामुळं तुझी सुरुवात काठावरून नाही.

तुझ्याजवळ पुस्तक आहे, ते पुष्कळ आहे. बाकीचं शाळेतून मिळवू.

पहाटे आजी उठते तेव्हा उठत असशील. तेव्हा एक पान मोठ्यानं वाच. मनात नाही, मोठ्यानं. आजीला इंग्रजी कळत नसलं तरी चालेल, तिला पुढ्यात बसव. वाचून झालं की त्या पानावर काय होतं ते आजीला मराठीत सांग. जिथं सांगता आलं नाही तिथं तुला कळलेलं नाही, तेवढीच ओळ शाळेत विचारायची. पाठातले अडलेले पाच शब्द वहीच्या मागच्या पानावर अर्थासकट लिही. पाचच. पंधरा लिहिलेस तर एकही राहणार नाही.

संध्याकाळी लिहायचं. एक दिवस पत्र, एक दिवस सारांश, एक दिवस कविता, एक दिवस संवाद, आणि परत पहिल्यापासून. पत्र कोणाला लिहायचं हे तुला शोधावं लागणार नाही. आईला लिही. कारखान्याच्या अड्ड्यावर पोस्टमन येत नसला तरी लिही, इंग्रजीत : 'डिअर आई, आय अ‍ॅम फाइन. आजी इज ऑल्सो फाइन. आवर बफेलो...' पुढचं तू लिही. आई-बाबा आले की मराठी करून वाचून दाखव. औपचारिक पत्राचा साचा वर्गातल्या बाईंकडून एकदा नीट उतरवून घे.

सारांशासाठी सोपी रीत सांगते. उतारा वाचून झाला की पुस्तक मिट. काय आठवतं त्याची चार वाक्यं लिही. मग पुस्तक उघडून मुख्य मुद्दा राहिला का बघ. मूळ उताऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं झालं की पुरे. वर शीर्षक द्यायचं, ते विसरू नकोस.

कवितेचं रसग्रहण ५ गुणांना असतं आणि मुलं त्याला फार घाबरतात. त्यात कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकाची रचना, एखादा अलंकार आणि कवितेचा मध्यवर्ती विचार एवढंच लिहायचं असतं. यमक कसं काढायचं? कवितेच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मोठ्यानं म्हण. पहिल्या ओळीला ए नाव दे. दुसरीचा शेवट तसाच ऐकू आला तर तीही ए, वेगळा आला तर बी. असं खालपर्यंत जायचं. डोळ्यांनी बघू नकोस, कानानं ऐक, कारण इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असून आवाज एक असू शकतो. पुस्तकातल्या सगळ्या कवितांचं हे एका वहीत करून ठेव. ते पाठ झालं तरी चालतं, कारण कविता पुस्तकातल्याच येतात. मध्यवर्ती विचाराची दोन वाक्यं मात्र तुझी हवीत. आधी मराठीत स्वतःला विचार, हा कवी मला काय सांगतोय? मग ते साध्या इंग्रजीत.

पेपरात लिहिताना क्रमाची सक्ती मनावर घेऊ नकोस, पण प्रश्न क्रमांक ठळक घाल. तीन तास असतात. एकही कृती कोरी सोडायची नाही. चूक-बरोबर, जोड्या, रिकाम्या जागा, आकृत्या हे उतारा समोर असल्यावर सुटणारं काम आहे, तिथं घाईनं गुण घालवू नकोस. भाषांतरासाठी शब्द आणि लहान वाक्यं येतात, त्याचा सराव आजीला वाचून दाखवताना रोजच होणार आहे.

तू विचारलंस, गुण मिळतील का. रोज वाचलंस आणि रोज लिहिलंस तर मिळतील, माझी खात्री आहे. तुझ्यासारख्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत.

आता तुझ्या शाळेतल्या बाईंसाठी आणि सरांसाठी दोन ओळी, हा अंक त्यांना दाखव. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली दहावीची मुलं ओळखून ठेवा. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे नेमक्या तयारीच्या दिवसांत त्यांच्या घरी मोठं माणूस नसतं. जुन्या कृतिपत्रिकांच्या झेरॉक्स त्यांना शाळेच्या खर्चानं द्या, त्यांनी लिहिलेलं आठवड्यातून एकदा तपासा, क्यूआर कोडवरचे पाठ तुमच्या मोबाइलवर सुट्टीत ऐकवा. हे काम मोठं नाही, पण ते कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावं लागतं.

प्रश्न : आमच्याकडं सराव परीक्षांवर फार भर आहे. दर आठवड्याला पेपर. तरी इंग्रजीचे गुण हलत नाहीत. (एक तरुण शिक्षक, लातूर)

लातूरच्या माणसाला सराव परीक्षेचं महत्त्व मी काय सांगणार! लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं ते परीक्षा पुन्हा पुन्हा घेण्यानं, पण पेपर लगेच तपासून चूक मुलाच्या हातात परत देण्यानंही. इंग्रजीत नेमका हा दुसरा भाग गळतो. भौतिकशास्त्राचं उत्तर चुकलं की कळतं, का चुकलं. इंग्रजीच्या पेपरावर लाल फुल्या आणि खाली '२/५' एवढंच दिसतं. मुलगा तो आकडा बघतो आणि पेपर दप्तरात कोंबतो.

दर आठवड्याला पूर्ण पेपर घेऊ नका. एका आठवड्यात फक्त उतारा आणि सारांश, पुढच्यात फक्त लेखनकौशल्य. तपासताना सगळ्या चुका दुरुस्त करू नका, शेवटी तो तुमचा सराव होतो, मुलाचा नाही. चुकीखाली नुसती रेघ ओढा आणि दुरुस्ती त्यानं करायची. वर्गात सगळ्यांना सामाईक निघालेल्या तीनच चुका फळ्यावर घ्या. माझ्या वर्गात दरवर्षी याच निघतात : 'ही गोज'च्या जागी 'ही गो' लिहिणं, 'अ' आणि 'द' गाळणं, आणि मराठीच्या सवयीनं क्रियापद शेवटी नेणं. प्रत्येक मुलाची एक 'चुकांची वही' असू द्या, डाव्या पानावर चुकीचं वाक्य, उजव्या पानावर त्यानंच दुरुस्त केलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला दुसरं काही वाचायची गरज नाही.

आणि पूर्ण पेपर जानेवारीपासून, घड्याळ लावून, बोर्डाच्या वेळेत, दोन-तीन पुरेत.

प्रश्न : मी सातवीपर्यंत शिकले, इंग्रजी येत नाही. लेक दहावीला आहे. तिला मदत कशी करू? (एक आई, ता. परतूर, जि. जालना)

ताई, स्वयंपाक करताना तिला जवळ बसवून मोठ्यानं वाचायला लावा. ती चुकली तर तुम्हाला कळणार नाही, पण ती अडखळली तर नक्की कळेल. थांबली, मागं गेली, घोगऱ्या आवाजात पुटपुटली की म्हणा, "थांब, तिथं खूण कर." पेन्सिलीनं बारीकशी खूण, वाचन पुढं चालू. रागवू नका आणि खुणा मोजून दाखवू नका. पान संपलं की गोष्ट मराठीत सांगायला लावा, मध्ये प्रश्न विचारा : मग पुढं काय झालं? तो असं का वागला? हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही, आणि पेपरात येणारे प्रश्न याच जातीचे असतात. दुसऱ्या दिवशी त्या खुणा शाळेत बाईंना दाखवायला सांगा.